बाईची हकीकत कुठवर आली?

कुणाच्या चुलीवर तवा असेल, कुणी शेळ्या बांधून नुकतीच ओट्यावर टेकली असेल. हातातलं काम सोडू नका, नुसता कान द्या. आज मला तुमच्याशी एका वहीबद्दल बोलायचं आहे. हिशोबाच्या नव्हे, हकिकतीच्या वहीबद्दल. बाईने आपल्या जन्माची हकीकत आपणच लिहायला घेतली तर ती कुठवर पोचते? वाटेत कुठे अडते? आणि कोणत्या पानावर आल्यावर म्हणावं की हा मैलाचा दगड गाठला?

आपल्या श्रीगोंद्याचा इतिहास म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? संत शेख महंमदांचा मठ आणि त्यांचा 'योगसंग्राम' ग्रंथ. शिंद्यांचे वाडे. भीमेच्या काठचा पेडगावचा किल्ला, जिथे १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून आणलं. हा इतिहास मोठा आहे आणि आपला आहे. पण या गावांत त्याच काळी बायाही राहत होत्या. त्या नदीवरून पाणी आणत होत्या, दळत होत्या, बाळंत होत होत्या, फौजा आल्या की पोरं काखेत मारून रानात पळत होत्या. त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्या गप्प होत्या असं नाही, त्यांचं कुणी लिहून घेतलं नाही.

तरी मधूनमधून एखादी बाई निघालीच. गोदावरीच्या पलीकडे, वैजापूर तालुक्यात शिऊर नावाचं गाव आहे. तिथे संत बहिणाबाई राहिल्या. जन्म १६२८, मृत्यू १७००. लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न लागलं. जातीने ब्राह्मण, पण गुरू मानलं तुकोबांना. नवऱ्याला ते सोसवलं नाही, मारझोड झाली. कोल्हापूरला असताना एका वासराचा त्यांना विलक्षण लळा लागला होता, ते वासरूही गेलं. हे सगळं आपल्याला कसं कळलं? त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलं म्हणून. मराठीतलं पहिल्या काही आत्मचरित्रांतलं हे एक आहे आणि ते एका बाईचं आहे. शेवटच्या दिवसांत मुलाला जवळ बसवून त्यांनी आपल्या आधीच्या जन्मांच्याही गोष्टी सांगितल्या. एवढं लक्षात ठेवा, की हकीकत सांगायला समोर कुणीतरी बसलेलं होतं. पुढे आपल्याला याच जागी यायचं आहे.

त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं उलटली. १९१० साली पुण्याच्या रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या मोठ्या बायकांनी त्यावरून त्यांना टोमणे मारमारून हैराण केलं. १९०१ साली रानडे वारले. नऊ वर्षांनी पुस्तक आलं. पुस्तकाच्या नावातला पहिला शब्द बघा, 'आमच्या'. लिहिणारी एकटी आहे, पण आयुष्य दोघांचं. त्यातही पतीचं जास्त, आपलं कमी. त्या काळी बाईला आपल्याबद्दल लिहायचं तर नवऱ्याच्या चरित्राच्या आडोशानेच लिहावं लागे. पण त्या आडोशातूनही वाचणारीला दिसते ती अंगणात पाटीपुस्तक घेऊन बसलेली, बोलणी खाणारी पोरसवदा सून.

आता आपल्या नगरच्या वाटेवर येऊ. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरातली माणसं त्यापायी जेरीस आलेली. लग्न झालं नारायण वामन टिळकांशी, म्हणजे आपण ज्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो ते कवी. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहान मुलाला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने चारपाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग नगरला टिळकांकडे आल्या. सुरुवातीला आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवली. हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली आणि पुढे त्यांनी स्वतः विचार करून तोच धर्म घेतला. नगरच्या मुक्कामात दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला, दुसऱ्यांची पोरं आपली म्हणून सांभाळली.

१९१९ साली टिळक गेले. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांची बोली घरातली, ओसरीवरची. त्या आठवण आली तशी लिहीत गेल्या आणि ते साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापून येऊ लागलं. एक हप्ता, मग दुसरा, मग तिसरा. मागितल्या होत्या नवऱ्याच्या आठवणी, पण लिहिता लिहिता बाई स्वतःच त्यात येऊन उभी राहिली. रडली, रुसली, भांडली, आणि स्वतःच्या फजितीवर खळखळून हसलीसुद्धा. हे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने निघालं. १९३६ साली त्या वारल्या. आज मराठीतल्या सगळ्यात चांगल्या दहा पुस्तकांची नावं काढायला बसलं तर जाणकार त्यात 'स्मृतिचित्रे' हमखास घालतात.

मैत्रिणींनो, यातली हप्त्यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुणी लक्ष्मीबाईंना म्हटलं असतं की चार भागांचं पुस्तक लिहून द्या, तर त्यांनी हात जोडले असते. पण पुढच्या अंकापुरतं लिहायचं म्हटल्यावर ते जमलं. आपण गोधडी शिवतो तसंच हे. एका बैठकीत गोधडी होत नाही. आज एक ठिगळ, उद्या दोन ओळी टाके, आणि एक दिवस बघावं तर पोरं खाली झोपलेली असतात.

आणखी एक नाव घेते. आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी. कोकणातली बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि गावाने बहिष्कार टाकला. त्यांचं आत्मचरित्र १९४४ साली आलं. नाव काय, तर 'माझे पुराण'. रमाबाईंचं 'आमच्या' होतं, इथे 'माझे' झालं. चौतीस वर्षांत बाईची हकीकत एवढी चालून आली. पुराण म्हणजे देवादिकांचं, असं आपण समजतो. ही बाई म्हणते, माझंही पुराण आहे, बसा आणि ऐका.

आता जिच्या वहीसाठी आजचा विषय काढला, तिच्याकडे येते. सातारा जिल्ह्यात फलटण आहे. तिथे बेबीताई कांबळे राहायच्या. जन्म १९२९, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. शिक्षण थोडं, लग्न तेराव्या वर्षी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण ऐकून पेटून उठलेली ही पिढी. नवराबायकोने फलटणला लहानसं दुकान टाकलं, पुढे त्यात किराणा आला. पुड्या बांधायला रद्दी येई. बेबीताई गिऱ्हाईक नसलं की ती रद्दी वाचत. वाचता वाचता लिहावंसं वाटलं. दुपारी दुकान शांत असताना त्या वहीत लिहू लागल्या. गिऱ्हाईक आलं की वही खाली.

ती वही त्यांनी घरातल्या कुणालाही दाखवली नाही. नवऱ्याला नाही, मुलालाही नाही. किती दिवस? वीस वर्षं. आपल्यातल्या एखादीची लेक जन्मून, मोठी होऊन, नांदायला जाते एवढा काळ वही लपून होती. फलटणमध्ये संशोधनासाठी येऊन तिथेच स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचा सुगावा लागला. त्यांनी धीर दिला आणि वही बाहेर आली. १९८२ साली 'स्त्री' मासिकात ती क्रमशः छापली गेली, १९८६ साली पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'. पुढे २००८ साली माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि जगभरच्या कॉलेजांत ते वाचलं जाऊ लागलं.

पुस्तकात काय आहे? महारवाड्यातल्या बायांचं जिणं आहे. बाळंतिणीच्या पोटात घालायला अन्न नाही, म्हणून तिच्या पोटाला बांधलेलं फडकं आहे. सासुरवाडीला कोवळ्या सुनेचे झालेले हाल आहेत. आणि मग बाबासाहेबांचं बोलणं ऐकून ताठ उभी राहिलेली वस्ती आहे. पण एक गोष्ट त्यांनी पुस्तकात लिहिली नाही. नवऱ्याचा स्वतः खाल्लेला मार. तो त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. का नाही लिहिला, असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं असं होतं, की माझ्या एकटीच्या दुःखापेक्षा माझ्या समाजाचं दुःख मोठं. म्हणून तर नाव 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. रमाबाईंच्या 'आमच्या'त नवरा होता, बेबीताईंच्या 'आमुचं'मध्ये अख्खी वस्ती आहे. शब्द तोच, पण केवढी वाट चालून आलेला.

त्याच साली, १९८६ मध्ये, शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आलं. जन्म १९२३, सांगोला तालुक्यातल्या महूदचा. शिकून मास्तरीण झालेल्या या बाईने आयुष्यभर शाळा सांभाळली, पोरं वाढवली, नवऱ्याने दुसरी बायको केली तेही सोसलं. १९८१ साली निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. आधी मासिकात क्रमशः आलं, मग पुस्तक. पुढे १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर त्याची 'नाजुका' मालिकाही झाली. नावात 'माझ्या जन्माची' असं पुस्तकी लिहिलं नाही, 'माज्या जल्माची' लिहिलं. घरात बोलतो तसंच. आपल्याला शुद्ध लिहिता येत नाही म्हणून वही मिटणाऱ्या बायांना या एका नावात उत्तर आहे.

या सगळ्यांना एका रांगेत ठेवून बघितलं तर मैलाचा दगड कुठे आहे ते दिसतं. मला वाटतं तो शेवटच्या पानावर नाही. शंभर पानं झाली, पुस्तक छापलं, बक्षीस मिळालं, हे सगळं मागून येतं. खरा दगड तिथे असतो जिथे वही पेटीतून निघून दुसऱ्याच्या हातात जाते. बहिणाबाईंच्या समोर मुलगा बसला. लक्ष्मीबाईंकडे मुलाने मागितलं. बेबीताईंच्या वहीला तो दगड गाठायला वीस वर्षं लागली. तोवर ती बाईची आठवण होती. दुसऱ्याने वाचल्यावर तो इतिहास झाला.

आणि ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांचीही मोठी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी खेड्यापाड्यांत फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेले. एकेक बाई बसली, गायली, लिहून घेणाऱ्याने लिहून घेतलं. खाली तिचं नाव, तिचं गाव. असं करत आकडा एक लाखाच्या पुढे गेला. हजारावर गावं आणि तीन हजारांहून जास्त बाया. माहेर, भाऊ, सासू, सवत, दुष्काळ, विठ्ठल, सीता, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. लाखाचा हा दगड एका बाईने गाठलेला नाही. कुणी दहा ओव्या दिल्या, कुणी शंभर. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. त्या वेळी हे लिहून घेतलं नसतं, तर ओव्याही जात्याबरोबरच गेल्या असत्या.

आता आपल्या तालुक्याकडे या. आपलं जातं कोणतं, जे आज कोपऱ्यात चाललं आहे? मी सांगते. १९७२ चा दुष्काळ. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना नुसतं 'बहात्तर साल' म्हणा, त्या बोलू लागतात. खडी फोडायला गेलेल्या. पाझर तलावावर, नालाबंडिंगवर पाट्या वाहिलेल्या. लाल मिलोच्या भाकरी आणि पोरांना मिळणारी सुकडी. दावणीची जनावरं मातीमोल विकलेली. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली तसा कायदा देशभरासाठी झाला. रोजगार हमीच्या इतिहासात वि. स. पागे यांचं नाव आदराने घेतात आणि ते घ्यायलाच हवं. पण ज्या हातांनी खडी फोडली त्यातलं एक तरी नाव कुठे लिहिलेलं आहे का? तेव्हा हजेरीपटावर अंगठे उठले होते. ते अंगठे कुणाचे, हे सांगणारी माणसं आपल्या घरात आहेत. हिशोब करा. १९७२ साली जी वीस वर्षांची सून होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. आणखी दहापंधरा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही. जातं कोपऱ्यात गेलंच आहे, निदान ओवी तरी धरून ठेवू.

हे करायला फार काही लागत नाही. शंभर पानी वही पुरते. गटाच्या बैठकीत वसुली झाल्यावर अर्धा तास काढायचा. एका बैठकीला एकाच जुन्या बाईला बोलतं करायचं, शिकलेल्या सुनेने किंवा लेकीने लिहून घ्यायचं. तिच्याच बोलीत लिहायचं, सुधारायला जायचं नाही. वर तारीख घालायची, तिचं पूर्ण नाव घालायचं. पूर्ण नावात तिच्या आईचं नावही घाला. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे कागदोपत्री आईचं नाव लावायचा नियम केला. मग आपल्या जुन्या बायांनीच काय घोडं मारलंय?

तारखा आठवत नाहीत, ही नेहमीची अडचण. तारीख विचारू नका, खुणेने विचारा. बहात्तरच्या आधी की नंतर? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला केवढा होता? तो भूकंप १९९३ चा, म्हणजे पोराचं वय कळलं की साल निघालं. गावात वीज आली तेव्हा, कालव्याला पहिलं पाणी आलं तेव्हा, पहिली लिंबाची बाग लावली तेव्हा. काष्टीच्या बाजारात बैलजोडी विकली ते वर्ष. जोडीला कागद बघा. शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, जमिनीचा फेरफार. फेरफारात कुणाचं नाव लागलं आणि बहिणीचं का निघालं, हेही तिथेच दिसतं. तेही लिहा.

इथे एक जपायचं आहे. सगळं सगळ्यांना दाखवायचं नसतं. घरातलं भांडण, मार, जमिनीचा वाद लिहिला तर आग लागू शकते. बेबीताईंनी काय लिहायचं आणि काय मागे ठेवायचं ते स्वतः ठरवलं, कधी दाखवायचं तेही स्वतः ठरवलं. तो हक्क बोलणाऱ्या बाईचा. लिहून घेतलेलं तिला आधी वाचून दाखवा. ती म्हणाली हे पान राहू दे, तर राहू दे. ती म्हणाली हे मी गेल्यावर वाचा, तर तसं वर लिहून ठेवा. पण नाही म्हणाली म्हणून फाडून टाकू नका.

आणि मैत्रिणींनो, तुम्हाला वाटत असेल की आपण अजून पहिलंही पान लिहिलेलं नाही, तर गटाचं जुनं रजिस्टर काढून बघा. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त असेल. अमुक तारखेला अमुक बाया जमल्या, महिना इतके रुपये बचत ठरली. खाली सह्या आणि अंगठे. पुढची पानं उलटा. काही नावांपुढचा अंगठा जाऊन तिथे वाकडीतिकडी सही आलेली दिसेल. ती सही पहिल्यांदा कोणत्या महिन्यात उमटली, ती तारीख शोधून काढा आणि त्या बाईला दाखवा. बाईच्या हकिकतीतला तो एक मैलाचा दगडच आहे, आणि तो तिने स्वतःच्या हाताने रोवलेला आहे.

रमाबाईंनी आडोशाने लिहिलं, लक्ष्मीबाईंनी हप्त्यांनी, बेबीताईंनी लपून. आपल्याला आडोसा नको आणि लपायलाही नको. हप्ते मात्र चालतील, हप्त्यांची आपल्या गटांना सवयच आहे. पुढच्या बैठकीला कर्जाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा आणि गटातल्या सगळ्यात थोरल्या आजीला विचारा, आजी, बहात्तर साली तू कुठे होतीस?

मग लिहायला घ्या.